नऊ नंबरची म्हैस

सर वाचनालयाला कुलूप लावायचे ते एकदाच, पण ओढून बघायचे तीनदा. मग पिशवी खांद्याला अडकवून चौकापर्यंत जायचे, तिथे थबकायचे आणि परत येऊन चौथ्यांदा ओढायचे. चौकातल्या पानवाल्याला हे इतकं सवयीचं झालं होतं की सर पहिल्यांदा टपरीवरून गेले तर तो मान वर करत नसे. परत येऊन पुन्हा निघाले की मग नमस्कार करायचा. "आता खरे निघाले," असं गिऱ्हाइकाला सांगायचा.

मी त्यांच्या हाताखाली पाच वर्षं काढली. काळेवाडीतलं पालिकेचं वाचनालय, खाली दवाखाना आणि वर आम्ही. ते ग्रंथपाल, मी कंत्राटी सहायक. माझं कंत्राट दर अकरा महिन्यांनी संपायचं आणि पुढचं येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा, म्हणजे काळजी हा विषय मला नवा नव्हता. पण सरांच्या काळजीपुढे माझी काळजी अगदीच शिकाऊ होती.

त्यांना कशाचीही काळजी वाटायची. नळाची, वायरिंगची, वाळवीची, जिन्यात सांडलेल्या पाण्याची. छताचा पंखा निखळला तर कुठे पडेल याचा अंदाज घेऊन त्यांनी टेबलं मांडली होती, त्यामुळे आमच्या वाचनकक्षाच्या मधोमध एक मोठी रिकामी जागा होती आणि नवा माणूस विचारायचा, इथे काही कार्यक्रम आहे का? चहा आत आणायचा नाही. केळं खायचं तर जिन्यात उभं राहून, आणि साल हातात घेऊन खाली जायचं. "कुणीतरी काळजी करावीच लागते," असं ते म्हणायचे, "मग मीच करतो. मला सवय आहे."

ते मूळचे चाकणकडच्या एका गावचे, शेतकऱ्याच्या घरातले. शेत कधीच कंपनीच्या कुंपणाआत गेलेलं. एरवी त्यांचं मराठी छापील असायचं, पण घाबरले की आतून गाव वर यायचं. सरांच्या तोंडून 'नाही'चं 'न्हाई' झालं की मी समजायचे, काहीतरी बिनसलंय.

खरं वैर मात्र त्यांचं पेन्सिलीशी होतं. आमच्याकडे स्पर्धा परीक्षेची मुलं दिवसभर बसायची, पहिली शिफ्ट करून सुटलेले कामगार साडेतीन-चारला यायचे, आणि वाचता वाचता पुस्तकात रेघा मारायची सगळ्यांना हौस. परत आलेलं प्रत्येक पुस्तक सर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळायचे आणि दिसेल ती रेघ खोडायचे. टेबलाचा उजवा खण नुसत्या खोडरबरांनी भरलेला. त्यांत झिजून हरभऱ्याएवढे झालेलेही होते. खोडताना ते बघायचेसुद्धा नाहीत. माझ्याशी बोलत असायचे, फोनवर असायचे, आणि हात आपला चाललेला. बायका बोलता बोलता मेथी निवडतात, तसा.

रेघेवरून ते माणूस ओळखायचे. "ह्यानं सगळंच अधोरेखित केलंय. म्हणजे ह्याला काहीच कळलेलं नाही." किंवा, "ही बघ, किती दाबून मारलीय. मागच्या पानावर वळ उठलाय. हा चिडून वाचतोय, घरी भांडण असणार." ते खरं असायचं की नाही, देव जाणे. पण तो वाचक पुढच्या वेळी आला की सर त्याच्याशी जरा मऊ बोलायचे.

खोडलेला चुरा ते जमिनीवर झटकू देत नसत. बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात जमा करायचे. का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मुंग्या येतील." मुंग्या रबर खात नाहीत, असं मी सांगून पाहिलं. "तुला काय माहीत," म्हणाले आणि झाकण घट्ट लावलं.

बालविभागात शिरायचं तर आधी हात दाखवावे लागत. पहिलीतली एक मुलगी रोज शाळा सुटली की यायची. तिची आई खाली रस्त्यावर भाजीची गाडी लावायची, माणसं लातूरकडची. ती दारातच दोन्ही तळवे पुढे करून उभी राहायची.

"कोपरापर्यंत धुतलेस?" सर विचारायचे.

"कोपरानं कोण वाचायलंय, सर?"

 तरी सर तिला नळाकडे पाठवायचेच.

तिचं आवडतं पुस्तक एकच होतं, म्हशीचं. खरं तर आमच्याकडचं सगळ्यात फाटकं पुस्तक तेच, सरांनी चारदा चिकटवलेलं. त्यात एक म्हैस सकाळी उठून तळ्यावर जाते तर तळ्याच्या जागी भिंत. मग ती कंपनीच्या बसगाड्यांमधून, टँकरांमधून, सिग्नलमधून वाट काढत दिवसभर तळं शोधत फिरते आणि शेवटी एका शेडच्या मागे पाण्यानं भरलेला खड्डा सापडतो, त्यात मानेपर्यंत बसते. शब्द थोडे, चित्रंच जास्त. ते चिकटवताना सरांना इतका वेळ का लागायचा, हे मला त्यांच्या गावातलं तळंही त्याच कुंपणाआत गेलं हे कळल्यावर कळलं.

एके दिवशी ती मुलगी पुस्तक घेऊन सरांच्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "सर, ही म्हैस कुठल्या कंपनीत बनवली?"

"कंपनीत नाही गं. हातानं काढलीय."

"हातानं एवढ्या?" वाचनालयात त्याच पुस्तकाच्या तीन प्रती होत्या. "तिन्हीत सारखीच हाय की."

सरांनी तिन्ही प्रती शेजारी शेजारी उघडून बघितल्या.  तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "ह्या पोरांच्या घरात सगळं कंपनीतून येतं. बाप पार्ट बनवतो, मामा पार्ट बनवतो. हातानं केलेली एकच गोष्ट पोरांनी पाहिलीय, ती म्हणजे भाकरी. आपण त्या पुस्तकाची मूळ चित्रं इथे लावू. हातानं काढलेली, खरी."

ज्या माणसाने वाचनालयात केळं येऊ दिलं नव्हतं, तो दुसऱ्याची मूळ चित्रं आणायची म्हणत होता. 

चित्रकार ताई पुनावळ्याला राहायच्या. वय सत्तरीच्या आसपास. चारी बाजूंनी टॉवर उठलेले आणि मधे त्यांचं बैठं घर, अंगणात शेवग्याचं झाड. चौदा चित्रं त्यांनी पलंगाखालून काढली, दोन प्लायवूडच्या मधे बांधून ठेवलेली.

"न्या," त्या म्हणाल्या. "काच नको, फ्रेम नको. आणि कडा छाटायच्या नाहीत. जशी आहेत तशी परत द्यायची, एवढंच."

सरांनी तिथेच यादी करायला घेतली. चित्र क्रमांक एक, म्हैस गोठ्यात, उजव्या कोपऱ्यात डाग, जुना. चित्र क्रमांक दोन. मला प्रत्येकाचा फोटो काढायला लावला, पुढून आणि मागून. ताई बघत बसल्या होत्या.

"ग्रंथपाल, चित्रं नेताय का पंचनामा करताय?"

"दोन्ही, ताई," सर म्हणाले, आणि ते थट्टेत म्हणाले नव्हते.

परत येताना रिक्षा केली. गठ्ठा सरांच्या मांडीवर, घरून आणलेल्या दुलईत गुंडाळलेला. रिक्षावाल्याला हळू चालवायला सांगितलं, त्याने चालवली. पण गतिरोधक आला की सर रिक्षा थांबवायचे, गठ्ठा छातीशी धरून उतरायचे, गतिरोधक पायी ओलांडायचे आणि पलीकडे जाऊन परत बसायचे. पुनावळे ते काळेवाडी या रस्त्यावर किती गतिरोधक आहेत हे मला त्या दिवशी कळलं. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. रिक्षावाल्याने शेवटी मला आरशातून विचारलं, "ताई, बाळ आजारी हाय का?"

चित्रं टेबलावर मांडली तेव्हा मी जरा हिरमुसले. पुस्तकात सगळं कसं स्वच्छ होतं. इथे कडेला रंगाचे ओघळ होते, एका ठिकाणी पांढरा रंग थापून चुकलेलं शिंग झाकलेलं होतं, समासात पेन्सिलीने काहीबाही लिहिलेलं होतं, 'पाणी अजून हिरवं', 'बस लहान कर'. सरांना मात्र तेच दाखवायचं होतं. ते प्रत्येक चित्रावर वाकून बघत होते आणि त्यांचा चेहरा असा मोकळा झालेला मी पूर्वी पाहिला नव्हता.

"बघ, इथे ताईंचं चुकलं. इथे परत केलं. हे कंपनीत दिसतं का कुठं?" मग मला बजावून सांगितलं, "ह्या पेन्सिलीला हात लावायचा नाही हं. आपण खोडतो ती वाचणाऱ्याची रेघ. ही करणाऱ्याची आहे."

हे त्यांनी मला सांगितलं होतं. मला.

चित्रं किती उंचीवर लावायची यासाठी सर गुडघ्यांवर बसून भिंतीलगत चालत गेले आणि स्वतःच्या नाकासमोर खुणा केल्या. पहिली-दुसरीच्या मुलांच्या डोळ्यांची उंची. उद्घाटनाला येणारे पालिकेतले साहेब आधी पाहणी करून गेले, ते कमरेत वाकून कंटाळले. "जरा वर घ्या की हो. पाहुणे काय रांगत येणार?"

"पाहुण्यांनी बसावं," सर म्हणाले. "सतरंज्या टाकतोय."

साहेब गेल्यावर मात्र त्यांनी मला तीनदा विचारलं, रागावले नसतील ना? जमिनीवर त्यांनी खडूची रेघ मारली, भिंतीपासून हातभर. मुलांनी रेघेच्या अलीकडे बसायचं. उन्हाने रंग उडतील म्हणून खिडक्यांना खाकी कागद लावले. रात्री झोप लागत नाही, असं एकदा सहज बोलल्यासारखं म्हणाले. त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते.

उद्घाटनाची वेळ दुपारी चारची ठरली होती. आदल्या दिवशी पाचच्या सुमाराला तेरा चित्रं भिंतीवर लागली होती. उरलं होतं नऊ नंबरचं, म्हैस पाण्यात उतरते ते. ते सरांच्या टेबलावर होतं, आणि सर त्याच्या शेजारी लावायची चिठ्ठी लिहीत होते. तेवढ्यात कार्यालयातून फोन आला.

"खुर्च्या? न्हाई न्हाई, खुर्च्या पाठवू नका. खाली बसायचंय. अहो साहेबांनी पण. न्हाई, तसं न्हाई माझं म्हणणं..."

मी पलीकडच्या भिंतीशी चिठ्ठ्या चिकटवत होते. खण उघडल्याचा आवाज मी ऐकला. रोज शंभरदा ऐकायचे, त्यामुळे मान वळवली नाही. मग बोलणं एकदम थांबलं. फोनमधून कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. मी वळून बघितलं तर सरांच्या डाव्या हातात फोन, उजव्या हातात खोडरबर, आणि ते दोन्ही हात अधांतरी.

चित्राला काही झालेलं नव्हतं. पाणी, म्हैस, सगळं जागच्या जागी. पण खाली समासात एक छोटंसं पेन्सिलीचं काहीतरी होतं, वेडंवाकडं, म्हशीसारखं. ते नव्हतं. त्या जागी कागद जरा उजळ दिसत होता आणि आजूबाजूला काळपट चुरा.

"पोरी," सर म्हणाले, "काय केलं गं मी हे?"

मी फोन त्यांच्या हातून घेतला आणि बंद केला. 

"सर, कळणार नाही कुणाला," मी म्हणाले. "पुस्तकात तर ती छापलेलीच नाही. समासातलं आहे, छपाईत कापलं गेलंय."

"पुस्तकात न्हाई म्हणूनच तर," सर म्हणाले. "जगात एकाच ठिकाणी होती ती."

त्यांनी चुरा बोटाने गोळा केला. डब्यात नाही टाकला. कागदाची पुडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. चित्र भिंतीवर लावलं, शेवटचं, पश्चिमेच्या खिडकीलगत. त्या संध्याकाळी त्यांनी कुलूप सात वेळा ओढलं. मी मोजत होते.

मला घरी जेवण गेलं नाही. जशी आहेत तशी परत द्यायची, एवढी एकच अट होती त्या बाईंची. सर त्यांना सांगणार, याची मला खात्री होती. मग त्या चित्रं उचलून नेणार, साहेब ओरडणार, आणि तीस वर्षं दुसऱ्यांच्या रेघा पुसणाऱ्या माणसाच्या नावावर जाता जाता हा एवढा डाग राहणार. मला ते सहन होईना. आणि मग आठवलं, माझ्या फोनमध्ये फोटो होता.

दुसरी किल्ली माझ्याकडे असायची. सकाळी नऊलाच गेले. नऊ नंबरसमोर मांडी घातली, फोन बाजूला ठेवला आणि बारीक पेन्सिलीने ती म्हैस परत काढली. फोटोत ती पुसटच होती. शिंगं, पाठ, चार पाय, शेपूट. उभ्या भिंतीवर काढत होते ते बरंच झालं, रेघ वेडीवाकडी आली. मागे सरकून बघितलं तर अगदी होती तशी दिसत होती.

सर साडेदहाला आले. सरळ नऊकडे गेले, गुडघे टेकले. आणि एक क्षणभर, देवाशपथ सांगते, त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मी बघितलं. मग ते आणखी जवळ वाकले.

"ही तू काढलीस."

मी पेन्सिल पिशवीत टाकली.

"पुस्तकात तारखेची खूण करतेस ना, ती अशीच असते. भीत भीत." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "चित्रं न्यायला ताईंच्या दारात मी गेलो होतो. त्यांना मी हे दाखवू? ही तुमचीच म्हणून?"

त्यांनी खणातून खोडरबर आणला आणि माझी म्हैस खोडली. पाच वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना खोडताना कागदाकडे बघताना पाहिलं. मग टेबलाशी बसून शाईच्या पेनाने एक चिठ्ठी लिहिली आणि नऊच्या खाली लावली. 'या चित्राखाली समासात पेन्सिलीने काढलेले एक लहान चित्र होते. ते ग्रंथपालाच्या हातून खोडले गेले.'

"निदान आधी त्यांना एकटीला सांगा ना," मी म्हणाले. 

"सकाळपासून चारदा फोन केलाय. उचलत न्हाईत."

चार वाजेपर्यंतचा तो दिवस कसा गेला ते मी सांगू शकत नाही. सर दर दहा मिनिटांनी खिडकीचा कागद जरासा उचलून खाली रस्त्यावर बघायचे. मुलं साडेतीनपासूनच जिन्यात जमली होती, हात धुऊन, तळवे पुढे करून. सरांनी एकाचेही हात तपासले नाहीत. भाजीवाल्या बाईंची मुलगी दारात ताटकळली आणि मग आपणहून नळावर जाऊन परत धुऊन आली.

ताई रिक्षाने आल्या. साहेबांनी फीत कापली, दोन शब्द सांगितले, गर्दीने उकडायला लागलं. ताई भिंतीलगत वाकून वाकून चित्रं बघत पुढे सरकत होत्या आणि सर त्यांच्या मागे दोन पावलं. सात. आठ. नऊशी त्या थांबल्या. चष्मा वर करून चिठ्ठी वाचली. एकदा, मग परत एकदा.

"ताई, माझ्या हातून झालं," सर म्हणाले. "सवयीनं. मी फोनवर होतो. त्याला काही उत्तर न्हाई." त्यांनी खिशातून पुडी काढून पुढे केली. "हा चुरा ठेवलाय. त्यात आहे ती."

ताईंनी पुडी उघडून बघितली आणि घडी घालून परत दिली. "ह्याचं मी काय करू?"

सरांनी ती खिशात ठेवली. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"माझ्या मुलानं काढली होती ती," ताई म्हणाल्या. "चार वर्षांचा होता. चित्र वाळत ठेवून मी चहा टाकायला गेले, तेवढ्यात. मी धपाटा घातला त्याला. चांगला जोरात. मग खोडरबर घेऊन बसले खोडायला, आणि नाही खोडवली." त्यांनी चष्मा खाली घेतला. "त्यानंतर तो माझ्या कागदांजवळ आला नाही कधी. आता बेंगळुरूला असतो. रविवारी फोन करतो."

  उकडतंय म्हणून कुणीतरी मघाशी पश्चिमेच्या खिडकीचं दार उघडलं होतं, आणि साडेचारचं तिरपं ऊन भिंतीवरून सरपटत नऊ नंबरपर्यंत आलं होतं. एरवी सर धावले असते. त्यांचं लक्षच नव्हतं. मीच खिडकी लावायला निघाले.

"आजी," खालून आवाज आला. ती भाजीवाल्या बाईंची मुलगी खडूच्या रेघेवर पोटावर झोपली होती, मान वर करून चित्राची खालची कड न्याहाळत. "आजी, हाय की म्हैस. ही काय."

"कुठे गं?"

"इथंच. इथून दिसायलीय. वरून नाही दिसत, खाली बसा."

मी तिला गप्प करणार होते. मला वाटलं, हिला माझी म्हैस दिसली. सकाळची, खोटी, तिचाच काहीतरी माग राहिला असणार. आता हेही सगळ्यांसमोर सांगावं लागणार.

"पाय किती तिला?" ताईंनी विचारलं.

मुलीने बोट लांबूनच फिरवत मोजले. "एक, दोन, तीन, चार, पाच. पाच पाय हायत, आजी. अशी कशी म्हैस?"

मी चार काढले होते. म्हशीला असतात तेवढे.

ताई खाली बसल्या. बसायला त्यांना वेळ लागला, एक हात माझ्या खांद्यावर, एक भिंतीला. मग मान मुलीच्या मानेजवळ नेली. चार वर्षांच्या पोराने पेन्सिल दाबून दाबून फिरवली होती. शिसं गेलं होतं, पण जाड कागदावर वळ राहिला होता, आणि आडव्या उन्हात त्या वळाची सावली पडली होती. मी फक्त कागदावरून भीत भीत गेले होते, माझं काहीच उरलं नव्हतं.

"हो, पाचच," ताई म्हणाल्या. "शेपूटपण जमिनीला टेकलं पाहिजे म्हणायचा."

त्या बराच वेळ उठल्या नाहीत. मग वर न बघताच म्हणाल्या, "ग्रंथपाल, बसा."

सर बसले. आधी गुडघ्यांवर, मग मांडी घालून.

"दिसतेय?"

"व्हय," सर म्हणाले.  मला रडू आवरेना म्हणून मी उगाच खिडकीकडे वळले, तर सगळी मुलं एकदम म्हणाली, "खिडकी नको, मॅडम."

प्रदर्शन दोन आठवडे चाललं. सरांची काळजी काही कमी झाली नाही. रोज साडेचारला ते घड्याळ लावून खिडकी उघडायचे, मुलांना पाळीपाळीने झोपवून म्हैस दाखवायचे आणि दहा मिनिटं झाली की, रंग उडतील, असं म्हणत लावून टाकायचे. ती चिठ्ठी त्यांनी शेवटपर्यंत काढली नाही. कामगार यायचे, वाचायचे, सरांकडे बघायचे. सर नमस्कार करायचे.

चित्रं परत द्यायला आम्ही पुनावळ्याला गेलो तेव्हाही प्रत्येक गतिरोधकाला उतरलो. ताईंनी चौदाही तपासून घेतली. सरांनी यादी पुढे केली. प्रत्येक क्रमांकासमोर एक रिकामा रकाना होता. ताई 'मिळाले', 'मिळाले' असं लिहीत गेल्या. नऊशी आल्यावर सरांनी त्यांचा हात थांबवला.

"इथे तसं लिहू नका, ताई. ते जसं नेलं तसं आणलेलं नाही. जे झालं ते लिहा."

ताईंनी पेन टेकवून थोडा विचार केला. मग लिहिलं आणि कागद सरांना दिला. सरांनी तो दोनदा वाचला आणि माझ्याकडे दिला. नऊसमोर लिहिलं होतं, 'बसून पाहावे.'

वाचनालयात परत आलो तोवर बंद करायची वेळ झालेली होती. सरांनी दिवे घालवले, नळ बघितले, कुलूप लावून तीनदा ओढलं. यादी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली, जिथे ती पुडी होती तिथेच. मग चौकाकडे चालायला लागले. मी जिन्याच्या पायरीवर थांबले, ते परत येतील म्हणून. पानवाल्यानेही मान वर केली नाही. सर टपरीवरून गेले, चौक ओलांडला आणि गर्दीत दिसेनासे झाले.

मी पाच मिनिटं वाट बघितली. मग राहवेना, तेव्हा मीच वर जाऊन कुलूप ओढून बघितलं.